झाडाचं वय आणि प्रकल्पाची मुदत

बरीच फळझाडं एका वर्षी लगडतात आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतात. भरल्या वर्षी झाडाची बरीचशी शक्ती फळं पोसण्यात खर्च होते. वाढत्या बियांमधली संप्रेरकं पुढच्या हंगामाच्या फुलकळ्यांना अडवून धरतात, आणि वर्षभरानं त्याच फांद्यांवर नुसता पाला दिसतो. बागायतदाराला हे ठाऊक असतं. तो विरळणी करतो, छाटणी जुळवून घेतो आणि हिशेब दोन वर्षांचा मिळून मांडतो. आता समजा, अशा झाडांवर खताची एखादी नवी मात्रा तपासायला तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. झाड भरल्या वर्षी ६० किलो देतं आणि ओसरत्या वर्षी २०, म्हणजे सरासरी ४० किलो. प्रयोगाचं पहिलं वर्ष भरतीचं निघालं, तर तीन वर्षांची सरासरी ४७ किलोच्या आसपास येते. तेच ओसरतीचं निघालं, तर ३३. खतानं काहीएक केलेलं नसताना आकड्यांत एवढी तफावत पडते. शेजारी तुलनेची झाडं ठेवलेली असतातच, असं कोणी म्हणेल. पण एका बागेतली सगळी झाडं एका तालात बहरत नाहीत. पहिल्याच वर्षीच्या उपचारानं एखाद्या गटाचा ताल बदलला, तर ती तुलनाही फसते. प्रयोग आठ-दहा वर्षं चालला तर हा गोंधळ आपोआप निवळतो. तीन वर्षांत तो निवळत नाही, अहवाल मात्र तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस द्यावाच लागतो.

शेतीसंशोधनाला पैसा देण्याची जगभरची रूढ पद्धत अशी आहे: अर्ज, मंजुरी, तीन ते पाच वर्षांचा प्रकल्प, अहवाल, पुन्हा अर्ज. प्रयोगशाळेतल्या पुष्कळ कामांना ती पुरते. हंगामी पिकांच्या काही प्रश्नांनाही पुरते. झाडांना आणि मातीला मात्र ती पुरत नाही. ज्याला आपण शाश्वत शेती म्हणतो तिचा तर सगळा दावाच काळाबद्दलचा असतो. जमीन टिकेल, बाग टिकेल, उत्पन्न टिकेल, हे पारखायला टिकण्याइतका वेळ द्यावाच लागतो. माझं म्हणणं साधं आहे. प्रयोगाची मुदत पिकाच्या आणि मातीच्या वयावरून ठरावी, आर्थिक वर्षावरून नव्हे. आणि तेवढा दीर्घ खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा, कारण दुसरं कोणी तो करणार नाही.

वेळ कमी पडला की काय होतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण द्राक्षाच्या खुंटाचं आहे. खुंट म्हणजे कलमाचा मुळांकडचा, खालचा भाग; त्यावर हव्या त्या जातीचा डोळा बांधतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा हा मुळांवर जगणारा बारीक कीटक अमेरिकेतून युरोपात पोहोचला आणि तिथल्या द्राक्षबागा मुळापासून उठल्या. त्यावर जे उत्तर सापडलं ते आजही चालू आहे: अमेरिकेतल्या जंगली द्राक्षवेलींच्या मुळांना हा कीटक सहन होतो, म्हणून खुंट तिकडचा आणि त्यावर डोळा युरोपीय जातीचा. या शोधाशोधीत अनेक संकर झाले. त्यांपैकी एक एएक्सआर-१. त्याचा एक पालक अमेरिकन वेल होता आणि दुसरा अरामों नावाची युरोपीय जात. म्हणजे निम्मं रक्त त्याच कुळाचं, ज्याला कीटकापुढे उभंच राहता येत नव्हतं. युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत हा खुंट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नापास झाला होता. पुढे कॅलिफोर्नियात मात्र चाचण्यांत तो सरस ठरला. सहज रुजतो, तऱ्हेतऱ्हेच्या जमिनींत चालतो, उत्पन्न भरघोस देतो. विद्यापीठानं शिफारस केली आणि बागायतदारांनी हजारो एकरांवर तो लावला. बरीच वर्षं सगळं उत्तम चाललं. १९८० च्या दशकाच्या आरंभी नापा खोऱ्यात वेली खुरटू लागल्या. या खुंटावर जोमानं वाढू शकणारा फायलोक्झेराचा प्रकार तिथे पसरला होता. बागाच्या बागा उपटून नव्यानं लावाव्या लागल्या.

शिफारस करणाऱ्यांनी आकडे खोटे दिले नव्हते. उत्पन्न खरोखरच जास्त होतं. पण द्राक्षबाग पंचवीस-तीस वर्षांसाठी लावतात, आणि खुंटाची खरी परीक्षा कीटक बदलून पुन्हा येतो तेव्हा होते. दूरच्या देशांत त्या परीक्षेचा निकाल आधीच लागलेला होता. त्याच्यापेक्षा जवळच्या चाचण्यांतलं उत्पन्न अधिक वजनदार ठरलं.

कलमांच्या बाबतीत काळाचा आणखी एक फटका बसतो, आणि तो रोपवाटिकेत काम करणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. खुंट आणि डोळा यांचं जमलं नाही, तर काही जोड्यांत ते लगेच कळतं. डोळा सुकतो, किंवा फूट पिवळी पडते. काही जोड्यांत मात्र कलम उत्तम धरतं, झाड वाढतं, फळं देतं, आणि कित्येक वर्षांनी एखाद्या वादळी रात्री जोडापाशी साफ तुटून पडतं. तुटलेली जागा पाहिली तर ती कापल्यासारखी गुळगुळीत दिसते. दोन्हीकडचं लाकूड एकमेकांत कधी गुंतलंच नव्हतं, नुसतं चिकटून वाढत होतं. जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या काही कलमांत असं घडलेलं आहे. लागवडीनंतर तिसऱ्या वर्षी अशा झाडाची नोंद करायला गेलं तर वहीत ‘वाढ उत्तम’ असंच लिहिलं जाईल.

म्हणून खुंटांच्या चांगल्या चाचण्या कशा होतात ते पाहण्यासारखं आहे. उत्तर अमेरिकेत १९७६ पासून एनसी-१४० नावाचा एक सहकारी प्रकल्प चालू आहे. तेच खुंट, त्यांवर तीच जात, अशी झाडं वेगवेगळ्या हवामानांच्या अनेक केंद्रांवर लावतात आणि साधारण दहा वर्षं सगळीकडे सारख्याच पद्धतीनं नोंदी ठेवतात. दरवर्षी जोडाच्या वर ठरावीक उंचीवर खोडाचा घेर मोजतात. त्यावरून खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढतात आणि एकूण फळांचं वजन त्यानं भागतात. झाडानं लाकूड वाढवण्यात किती खर्च केला आणि फळांवर किती, याचा तो ताळेबंद असतो. काम कंटाळवाणं आहे. थंडीत टेप घेऊन झाडागणिक वाकायचं, नंबराची पट्टी झिजली असेल तर बदलायची, कुठलं झाड उंदरांनी सालटलं आणि कुठलं ट्रॅक्टरनं घासलं ते लिहायचं. पण असा घेर सलग दहा वर्षं मोजल्याशिवाय कुठला खुंट कुठल्या जमिनीत टिकतो हे कोणालाही सांगता येत नाही.

नव्या वाणांचं गणित याहून लांबचं. सफरचंदाचं बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला पाच ते आठ वर्षं सहज जातात, आणि हजारो रोपांतून पुढे नेण्यासारखी दोन-चारच निघतात. त्यांची कलमं करून पुन्हा लावायची, पुन्हा फळाची वाट पाहायची, मग साठवण, रोग, वाहतूक. मिनेसोटा विद्यापीठात हनीक्रिस्पचा संकर १९६० साली झाला आणि वाण १९९१ साली प्रसारित झाला. मधल्या काळात, एका कडक हिवाळ्यात इजा झाली म्हणून, ही निवड टाकून देण्याचं ठरलं होतं. नंतर तिथे आलेल्या डेव्हिड बेडफर्ड या संशोधकाला वाटलं, की ते झाड वाईट जागी लावलेलं होतं, निकाल घाईनं लागला आहे. त्यानं कलमं राखली. आज ते जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सफरचंदांपैकी एक आहे. त्याचीच संतती असलेल्या कॉस्मिक क्रिस्पचा संकर वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात १९९७ साली झाला. बागायतदारांना रोपं २०१७ साली मिळाली आणि फळ बाजारात आलं २०१९ च्या डिसेंबरात. बावीस वर्षं. साधनं सुधारली तरी इतकी. या बावीस वर्षांत दर तीन वर्षांनी नव्यानं अर्ज करावा लागला असता आणि एकदा जरी नकार आला असता, तर झाडांवर कुऱ्हाड पडली असती. संगणकातली माहिती पाच वर्षं बंद ठेवून पुन्हा उघडता येते. छाटणी आणि फवारणीविना पाच वर्षं राहिलेल्या प्रयोगाच्या बागेतून काही निष्कर्ष काढता येत नाही.

माती झाडाहूनही सावकाश बोलते. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात हूजफील्ड नावाच्या शेतावर १८५२ पासून बार्ली घेतात. तिथल्या एका प्लॉटला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं थांबवलं. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी ज्या प्लॉटला कधीच शेणखत मिळालं नाही त्याच्यापेक्षा या प्लॉटमध्ये सेंद्रिय कर्ब अजून जास्त सापडतो. आज जगभर मातीत कर्ब साठवण्याबद्दल मोठमोठे करार होत आहेत. कर्ब किती वेगानं चढतो, कुठे थांबतो आणि खत बंद केल्यावर किती सावकाश उतरतो, हे सांगणारी नोंद या वीस वर्षांच्या शेणखतासारख्या जुन्या प्रयोगांतूनच मिळते. शेजारच्या पार्क ग्रास या कुरणावर १८५६ पासून वेगवेगळी खतं दिली जातात. चुना न देता दरवर्षी अमोनियम सल्फेट दिलेल्या भागांत मातीचा सामू (पीएच) चारच्याही खाली गेला. बिनखताच्या भागांत गवत आणि इतर वनस्पतींच्या तीस-चाळीस जाती नांदतात, तर या आम्ल भागांतल्या काही ठिकाणी दोन-तीनच उरल्या. हे एका वर्षात झालं नाही, दहा वर्षांतही पुरतं दिसलं नसतं.

शून्य मशागतीचा वाद तर घराघरांत पोहोचलेला आहे. नांगरट सोडली की उत्पन्न घटतं, असं एक जण आपल्या अनुभवावरून सांगतो. वाढतं, असं दुसरा सांगतो. दोघांकडे संशोधनाचे दाखले असतात. मिशिगनमधल्या केलॉग केंद्रातल्या संशोधकांनी २०२० साली आपल्याच २९ वर्षांच्या नोंदी घेऊन एक सोपी पण मर्मावर बोट ठेवणारी गोष्ट केली. त्या २९ वर्षांतून पाच वर्षांचा तुकडा काढला तर काय निष्कर्ष निघाला असता, दहा वर्षांचा काढला तर काय, असं त्यांनी तपासलं. निष्कर्ष स्थिर व्हायला किमान १५ वर्षांच्या नोंदी लागल्या. त्याहून लहान तुकड्यांतले काही उलट दिशा दाखवत होते. म्हणजे भांडणारे दोघेही आपापल्या तुकड्यापुरते प्रामाणिक असू शकतात. धोरण मात्र अशा तुकड्यांवर बेतलं जातं, हे चिंताजनक आहे.

स्वित्झर्लंडमधल्या डीओके प्रयोगाचंही असंच. जैवगतिक (बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रियाचाच एक पंथ), सेंद्रिय आणि रासायनिक शेती एकाच शेतात शेजारी शेजारी, १९७८ पासून. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही बाजूंना थोडं अडचणीचं काही निघालं. सेंद्रिय पद्धतींत उत्पन्न २० टक्क्यांनी कमी होतं, पण खत आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी आणि कीडनाशकांचा ९७ टक्क्यांनी कमी होता. मातीतली जीवसृष्टी अधिक समृद्ध होती. यावर मतं वेगळी असू शकतात, पण निदान वाद कशाबद्दल घालायचा ते कळतं.

दीर्घ प्रयोगांचा सर्वांत मोठा लाभ मात्र वेगळाच आहे, आणि प्रकल्पाच्या अर्जात तो मांडता येत नाही. रॉदमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतावर १८४३ च्या शरदात जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी गहू पेरला. लॉज सुपरफॉस्फेटचा कारखानदार. पिकाला नेमकं काय लागतं, एवढाच त्याचा प्रश्न होता. दोघांनी एक चांगली सवय लावली. दरवर्षी धान्याचे, काडाचे आणि अधूनमधून मातीचे नमुने वाळवून, बंद करून ठेवायचे. आज त्या कोठारात सुमारे तीन लाख नमुने आहेत. त्या काळी जनुक हा शब्दसुद्धा नव्हता. २००५ साली संशोधकांनी त्या जुन्या गव्हातून बुरशींचा डीएनए काढला आणि १८४४ पासूनचा दोन पानरोगांचा इतिहास मांडला. कधी एक बुरशी वरचढ, कधी दुसरी. हा चढउतार सर्वांत जास्त जुळला तो हवेतल्या सल्फर डायऑक्साइडशी, म्हणजे कोळशाच्या धुराशी. २००८ साली त्याच नमुन्यांतून आणखी एक गोष्ट उजेडात आली. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गव्हातलं जस्त, लोह, तांबं आणि मॅग्नेशियम जवळजवळ स्थिर होतं. बुटके, जास्त उत्पन्नाचे वाण आले तेव्हापासून ते घटत गेलं. मातीत ही द्रव्यं कमी झालेली नव्हती. वाण बदलल्यावर दाणे वाढले आणि प्रत्येक दाण्याच्या वाट्याला कमी आलं. गव्हाच्या पोषणमूल्याबद्दलचा आजचा एक महत्त्वाचा मुद्दा असा १८४५ च्या बाटलीतून सिद्ध झाला.

आधुनिक संख्याशास्त्राचा मोठा भागही याच शेतातून आला. साठलेल्या आकड्यांतून काही निघतं का ते पाहायला १९१९ साली रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाला, आणि प्रयोगाची यादृच्छिक मांडणी (कुठल्या प्लॉटला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं), प्रसरणाचं पृथक्करण (आकड्यांतली तफावत कशामुळे किती पडली ते वेगळं काढणं) या आज प्रत्येक प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या पद्धती त्यानं तिथे घडवल्या. अमेरिकेत मिसूरीचं सॅनबोर्न फील्ड १८८८ पासून चालू आहे. तिथल्या एका प्लॉटची माती १९४५ साली नमुना म्हणून पाठवली गेली, आणि तिच्यातल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक सापडलं. इलिनॉयचे मॉरो प्लॉट १८७६ चे, जर्मनीत हाल्ले इथला राईचा प्रयोग १८७८ चा, डेन्मार्कमधलं आस्कोव १८९४ चं, कोइम्बतूरचा खतांचा कायम प्रयोग १९०९ चा. यांतला कुठलाही प्रयोग तीन वर्षांनी ‘अपेक्षित निष्पत्ती’च्या रकान्यात बुरशीचा डीएनए किंवा प्रतिजैविक लिहू शकला नसता.

याला दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला: हवामान बदलतंय, कीड नव्या मुलखात घुसतेय, शेतकऱ्याला उत्तर यंदा हवंय, वीस वर्षांच्या प्रयोगाचं त्यानं काय करायचं? मला वाटतं, याचं उत्तर हवाईच्या पपईत आहे. रिंगस्पॉट विषाणूनं १९५० च्या दशकात ओआहू बेटावरची पपई संपवली, तेव्हा लागवड हवाई बेटावरच्या पुना भागात हलली. तिथे विषाणू नव्हता. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात, पुना निरोगी असतानाच, जनुकीय बदलानं प्रतिकारक्षम पपई घडवण्याचं काम हाती घेतलं. आज ना उद्या विषाणू पोहोचणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. १९९२ च्या मे महिन्यात तो पुनात सापडला. त्याच्या महिनाभर आधीच नव्या पपईची पहिली शेतातली चाचणी ओआहूवर सुरू झालेली होती. १९९८ साली बी शेतकऱ्यांच्या हातात पडलं आणि धंदा वाचला. साथ आल्यावर काम सुरू झालं असतं, तर वाचवायला बागा उरल्या नसत्या. जनुकीय बदल केलेल्या पिकांबद्दल कोणाचं काहीही मत असो, इथे मुद्दा काम कधी सुरू झालं त्याचा आहे.

फ्लोरिडातल्या संत्र्याची हकीकत उलटी आहे. सिट्रस ग्रीनिंग हा रोग जगाला नवा नव्हता. चीनमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत तो अनेक दशकं माहीत होता. त्याचा प्रसार करणारा सायला हा कीटक फ्लोरिडात १९९८ साली सापडला, रोग २००५ साली. नंतर पैसा भरपूर ओतला गेला. पण रोग सोसणारे खुंट आणि वाण शोधायचे म्हणजे झाडं लावायची, त्यांना रोग होऊ द्यायचा आणि कोणतं तग धरतं ते पाहायचं. या कामाला पैशानं घाई करता येत नाही. वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घसरलं. तातडीच्या वेळी उपयोगी पडणारं उत्तर तातडी नसताना सुरू केलेल्या कामातूनच येतं.

नवी साधनं वेळ वाचवतात, हे खरं आहे. लवकर फुलणारी, एका वर्षाच्या आत पुढची पिढी देणारी सफरचंदाची रोपं जर्मनीत तयार झालेली आहेत. डीएनएच्या खुणा पाहून रोपावस्थेतच निवड करता येते. पण कुठली खूण कुठल्या गुणाची, हे ठरवताना जुन्या झाडांच्याच नोंदी वापराव्या लागतात. साठवणीत फळ किती टिकलं, पंधराव्या वर्षी फांद्या कशा वाकल्या, कडक थंडीत कोण मेलं, हे कोणीतरी मोजून ठेवलेलं असेल तरच संगणक पुढचं भाकीत करतो. नव्या साधनांमुळे जुन्या वह्यांची किंमत वाढली आहे.

दुसरा आक्षेप: दीर्घ मुदत म्हणजे निवांतपणा, प्रयोग चालू आहे म्हणून चालू, त्यातून काही निघत नाही आणि विचारणारं कोणी नाही. हे घडतं, आणि त्याचा बंदोबस्त हवा. सलगपणा राखायचा म्हणजे डोळे मिटून तेच करत राहायचं, असा त्याचा अर्थ नाही. ब्रॉडबॉकमध्येच १९६८ साली मोठे बदल झाले. शेताचे भाग पाडले, काही भागांत पिकांची फेरपालट आणली, बुटके वाण आले, आणि तुलनेसाठी काही भागांत पूर्वीसारखाच सलग गहू चालू ठेवला. दर पाच वर्षांनी बाहेरच्या जाणकारांनी पाहावं, नोंदी पूर्ण आहेत का, नमुने नीट आहेत का, माहिती इतरांना खुली आहे का, नवा प्रश्न जोडता येतो का. नोंदीच ठेवल्या नसतील तर प्रयोग जरूर बंद करावा. मात्र ‘या तीन वर्षांत नवं काय निघालं’ हा तो बंद करण्याचा निकष असू नये.

फळझाडांच्या जिवंत संग्रहांना हीच गोष्ट दुप्पट लागू आहे. गहू-तांदळाचं बी वाळवून उणे १८ अंशांत ठेवता येतं. स्वालबार्डचं बियांचं कोठार २००८ पासून तेच करतं. सफरचंदाचं बी ठेवून जात टिकत नाही, कारण बीपासून मूळ झाडासारखं झाड येत नाही. आंबा, कोको, नारळ यांचं बी वाळवलं की मरतं. अशा जाती जमिनीवर, झाडांच्या रूपातच सांभाळाव्या लागतात, आणि जमिनीवर प्रत्येकाचा डोळा असतो. रशियातलं पावलोव्स्क केंद्र १९२६ पासून फळांच्या हजारो जाती सांभाळून आहे. २०१० साली त्या जागेवर घरं बांधायला न्यायालयानं हिरवा कंदील दाखवला होता. जगभरातून दडपण आलं म्हणून संग्रह वाचला. असा गाजावाजा प्रत्येक बागेच्या नशिबी नसतो.

खाजगी कंपन्यांनी हे का करावं, हा प्रश्न विचारून पाहिला की पैशाचा मुद्दा स्पष्ट होतो. दरवर्षी बी विकता येतं अशा पिकात कंपनी गुंतवणूक करते, आणि ते योग्यच आहे. शेणखत कधी बंद करावं, कुठला खुंट तीस वर्षं टिकतो, नांगरट सोडल्यावर पंधराव्या वर्षी काय होतं, या उत्तरांना बाटलीत भरून विकता येत नाही. लाभ सगळ्यांचा, म्हणून खर्चही सगळ्यांचा. लॉजला हे उमगलं होतं. १८८९ साली त्यानं एक लाख पौंड विश्वस्त निधीत घातले आणि प्रयोगांचा खर्च कोणाच्याही मर्जीवर ठेवला नाही. सरकारांनी कारखानदाराच्या दानतीची वाट पाहू नये. संशोधनाच्या एकूण निधीतला ठरावीक हिस्सा कायम प्रयोग, खुंट आणि वाणांच्या चाचण्या व जिवंत संग्रह यांच्यासाठी वेगळा काढावा, आणि तो प्रकल्पांच्या स्पर्धेत उतरवू नये. रक्कम मोठी लागत नाही. सातत्य लागतं. वर्षाकाठी टेप, पट्ट्या, नमुन्यांच्या बाटल्या, छाटणी आणि काही माणसांचे पगार एवढाच त्यात खर्च असतो.

माणसांचा मुद्दा शेवटी घेतोय, कारण निधी मिळाला तरी प्रयोग अनेकदा इथे अडतात. तरुण संशोधकाचं मूल्यमापन शोधनिबंधांच्या संख्येवर होतं. जो दहा वर्षांनी फळणारी झाडं लावतो त्याची बढती कुठल्या निबंधावर होणार? नोंदी ठेवणं, नमुने जपणं आणि पुढच्याला प्रयोग सोपवणं याला बढतीच्या निकषांत स्पष्ट गुण हवेत. बागेतल्या कुशल माळ्याचं आणि शेत साहाय्यकाचं पद कंत्राटी असता कामा नये. कुठलं झाड कुठल्या वर्षी का खुरटलं, हे बहुधा त्यालाच माहीत असतं, आणि तो गेला की ती माहितीही जाते. मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत पुरलं, ते किती वर्षं जिवंत राहतं हे पाहायला. बाटल्या कुठे आहेत हे सांगणारा नकाशा एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. २०२१ साली सोळावी बाटली रात्री, हिरव्या दिव्यात उकरून काढली, कारण साध्या उजेडानं बी जागं झालं असतं. तिच्यातलं वीस बी उगवलं. उरलेल्या चार बाटल्यांपैकी पुढची २०४० साली निघेल आणि प्रयोग २१०० साली संपेल. आता नकाशा एकाकडे न ठेवता वेगवेगळ्या वयाच्या संशोधकांचा गटच तो सांभाळतो. प्रत्येक कृषी विद्यापीठानं आणि संशोधन केंद्रानं आपल्या कायम प्रयोगांसाठी अशीच लेखी व्यवस्था करावी: आजचा प्रमुख निवृत्त होईल त्या दिवशी वह्या, नमुने आणि झाडांचे नकाशे कोणाच्या ताब्यात जातील, आणि त्या माणसाला ते काम शिकवायला किती वर्षं आधी सुरुवात होईल.